मिक्सर, पंखा, कुकर, नळ: टाकण्याआधी कुठला भाग मेलाय ते बघा

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि तेव्हा घेतलेल्या वस्तू एकाच महिन्यात ओळीने रुसल्या. मिक्सरची मोटर फिरते, पण भांड्यातलं पातं फिरत नाही आणि जळका वास येतो. हॉलमधला पंखा पाचवर ठेवला तरी दोनवर असल्यासारखा फिरतो. कुकरची शिट्टी होत नाही, वाफ कडेने जाते, रिंग दोनदा बदलून झाली. स्वयंपाकघरातला नळ रात्रभर टपटपतो. दुकानदाराने चारही वस्तूंना "आता नवीनच घ्या" असं एकच औषध सांगितलं. "मी आयुष्यात डिसमिस हातात धरलेला नाही. यातलं मला घरी काय जमेल?"

ताई, चारही जमतील. आणि मला जे वाटतंय तेच निघालं तर चारही वस्तूंचं मिळून सामान पाचशे रुपयांच्या आत येईल. साताऱ्यात माझं दुरुस्तीचं दुकान आहे, त्याला आता ३१ वर्षं झाली. तुम्ही लिहिलेली लक्षणं माझ्या टेबलावर आठवड्यातून दोनदा तरी येतात. दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याला दुरुस्तीत पैसा सुटत नाही आणि वेळ जातो, म्हणून तो तुम्हाला त्याच्या सोयीचं सांगतो, एवढंच.

डिसमिस धरण्याआधी एक गोष्ट डोक्यात बसवा, बाकीचं सोपं जाईल. घरातल्या जवळजवळ प्रत्येक यंत्रात एक बळीचा बकरा ठेवलेला असतो. महागाचा भाग वाचावा म्हणून स्वस्तातला एक भाग आधी मरायला ठेवलेला असतो. बोर्डात फ्यूज, मिक्सरमध्ये कप्लर (मोटर आणि भांडं जोडणारी दातेरी चकती) आणि कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे काळे तुकडे), कुकरला रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, नळात वायसर. पंखा वर्षानुवर्षं चालतो, आधी जातो तो त्याचा कपॅसिटर, म्हणजे मोटरला जोर देणारा वीज साठवणारा छोटा डबा. हे भाग झिजणं म्हणजे वस्तू संपणं नव्हे. चपलेचा अंगठा तुटला म्हणून आपण चप्पल टाकत नाही.

पण इथेच अर्धे लोक फसतात. मेलेला भाग बदलला, वस्तू चालू झाली, की विषय संपला असं वाटतं. तो भाग म्हातारपणाने गेला की कशाने तरी मारला, हे विचारायचं राहून जातं. दुकान टाकलं त्या पहिल्या वर्षी मी एका बाईंच्या मिक्सरचा कप्लर दोन महिन्यांत तीनदा बदलला. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "अहो, तुमचा कप्लरच खराब येतो." कप्लर चांगला होता. त्यांच्या छोट्या भांड्याचा बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी, गंजून जाम झाला होता आणि मी भांडं एकदाही हातात घेऊन बघितलं नव्हतं, कारण त्या फक्त मोटरच घेऊन यायच्या. तेव्हापासून मिक्सर आला की मी भांडी मागतोच.

म्हणून मिक्सरपासूनच सुरू करू.

प्लग काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढून वायर डोळ्यांसमोर टेबलावर ठेवा, म्हणजे मागून येऊन कोणी लावणार नाही. आता भांडं उलटं करून खालचा कप्लर बोटांनी फिरवा. आतलं पातं फिरवू नका, बोट कापेल. खालून फिरवलं की पातं आपोआप फिरतं. ते सहज, थोडं गुळगुळीत फिरलं पाहिजे. अडखळत असेल, करकरत असेल, दोन्ही हातांनी जोर लावावा लागत असेल, तर गुन्हेगार भांडं आहे. मग मोटरवरचा कप्लर बघा. त्याचे दात गोल झालेले किंवा तुटलेले दिसतील, आजूबाजूला काळी भुकटी पडलेली असेल. मोटर फिरते, पातं फिरत नाही आणि वास येतो, याचा अर्थ बहुधा हाच.

वासाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण मिक्सरच्या दुरुस्तीत नाक हे मीटरपेक्षा आधी बोलतं. टायर जळाल्यासारखा रबरी वास आला तर कप्लर घासतोय. झणझणीत, नाकात टोचणारा वास आणि जाळीतून निळ्या ठिणग्या दिसल्या तर कार्बन संपत आलेत. आणि गोडसर, डोकं धरणारा, लाकडाला लावलेलं व्हार्निश जळाल्यासारखा वास आला, त्यासोबत थोडा धूर, तर तांब्याच्या तारेवरचं इनॅमल जळतंय. पहिले दोन वास घरी सुटतात. तिसरा वास आल्यावर मिक्सर परत चालू करून "बघू तरी" म्हणू नका. आर्मेचर किंवा फिल्ड कॉइल, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, गेलेली असते आणि ते घरचं काम नाही.

मोटरवरचा कप्लर काढताना एक मेख आहे. त्याचा आटा असा दिलेला असतो की मिक्सर चालताना तो आपोआप घट्ट होत जावा. मग सोडवायचा कसा? मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने कप्लर फिरवायचा. आपल्या हाताला उलट दिशेची सवय असते, म्हणून लोक घट्ट करत बसतात आणि शेवटी तोडतात. दिशा कळण्यासाठी तोडमोड करण्याआधी भांडं न लावता क्षणभर मोटर चालवून बघा, मग प्लग काढा. शाफ्ट सोबत फिरू नये म्हणून तो धरावा लागतो. बऱ्याच मॉडेलांत खालच्या बाजूने शाफ्टच्या टोकाला खाच असते, तिथे चपट्या तोंडाचा डिसमिस अडकवायचा. वरून पकडीने कप्लर धरायचा आणि एक झटका. हळूहळू जोर लावण्यापेक्षा झटका बरा. नवा कप्लर हाताने बसवा, पकडीने आवळायची गरज नाही, मोटर स्वतःच त्याला आवळते.

कप्लर आणायला जाताना जुना बरोबर न्या. "अमक्या कंपनीचा, साडेसातशे वॅटचा" एवढ्यावर मिळत नाही. एकाच कंपनीच्या तीन मॉडेलांना तीन वेगळे कप्लर असतात, कुणाला सहा दात, कुणाला आठ, आट्याची जाडी वेगळी. ठाण्याहून तुम्हाला मुंबईची लोहार चाळ जवळ. मी स्वतः पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणतो. पण एका कप्लरसाठी तिथवर जायची गरज नाही. जवळच्या भांड्यांच्या दुकानात किंवा कुकर-मिक्सरचे सुटे भाग विकणाऱ्याकडे मिळतो.

आता तो का तुटला? भांडं सहज फिरत असेल तर अकरा वर्षं हेच उत्तर, त्याचं वय झालं. भांडं जड फिरत असेल तर बुश आणि पात्याचा दांडा बदलून घ्या. हे दुकानात करून घेतलेलं बरं, कारण पातं सरळ बसलं नाही तर भांडं थरथरतं. बुश गंजतो तो पाण्याने. भांडं धुऊन तसंच पालथं टाकलं की खालच्या खोबणीत पाणी साचून राहतं. पुसून, आडवं ठेवून वाळवा. महिन्यातून एकदा खालून दांड्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब. मशीनचं तेल नको, ते चटणीत उतरेल. थंडीत खोबरेल गोठतं, तेव्हा शेंगदाण्याचं चालेल, माझ्या घरी तेच वापरतात.

दुसरं कारण म्हणजे आपली सवय. एप्रिल-मे लागला की माझ्याकडे मिक्सरची रांग लागते, कारण वर्षाचा मसाला. सुकं खोबरं, हळकुंड, भाजलेले धणे, सगळं काठोकाठ भरून दहा मिनिटं सलग. खोबऱ्याला तेल सुटलं की त्याचा लगदा होतो, पातं अडकतं, मोटर गुरगुरते, आणि आपण झाकण दाबून धरतो. घरगुती मिक्सरच्या बुडाशी '३० मिनिटे' असं रेटिंग लिहिलेलं असतं. ते बघून लोकांना वाटतं अर्धा तास सलग चालवायला परवानगी आहे. तसं नाही. थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद, असे फेरे धरून ती ३० मिनिटं मोजलेली असतात. किती चालू आणि किती बंद ते माहितीपत्रकात दिलेलं असतं. हळकुंड तर आधी खलबत्त्यात फोडूनच टाका. पाटा-वरवंट्याला टाकी लावून देणारे दारावर यायचे त्या काळात हळकुंडासाठी कोणी मिक्सर जाळत नव्हतं.

याच ओघात एक सांगून ठेवतो. मिक्सर एकदम मेला, आवाजच नाही, तर रडण्याआधी उलटा करा. बुडाला लाल किंवा काळं छोटं बटण असतं, ओव्हरलोडचं. ते बाहेर आलेलं असेल तर दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या आणि दाबा. यासाठी लोक रिक्षा करून माझ्याकडे येतात. मी बटण दाबतो आणि चहा पाजतो, पैसे कशाचे घेणार?

कार्बन बदलणं थोडं पुढचं काम, पण अशक्य नाही. खालचं झाकण उघडलं की मोटरच्या दोन्ही बाजूंना पितळी घरात दोन काळे तुकडे स्प्रिंगने दाबलेले दिसतात. ते दोन्ही एकदम बदलायचे, एक नवा एक जुना असं नाही. ते ज्या तांब्याच्या गोलावर घासतात तो काळा पडलेला असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने पुसायचा. काळ्या एमरी कापडाने नको, त्याची भुकटी फटींमध्ये बसली की तिथून वीज वाहू शकते. झाकण उघडताना मोबाइलवर फोटो काढत जा, आणि स्क्रू ठेवायला घरातला मसाल्याचा डबा घ्या. पहिले काढलेले स्क्रू पहिल्या वाटीत, पुढचे दुसऱ्या. सात वाट्यांत अख्खा मिक्सर मावतो. जोडताना उलट्या क्रमाने यायचं. मी आजही हेच करतो, फक्त माझ्या डब्यात आता मोहरी कोणी घालत नाही.

पंख्याचं निदान मिनिटाचं आहे. बाकीचे दिवेही मंद वाटतायत का? तर व्होल्टेज कमी आहे, पंख्याचा दोष नाही. दिवे नीट असतील तर पंख्याचा एमसीबी (मेन बोर्डावरचा खटका) खाली करा, स्विचवर विसंबू नका. पंखा बंदच आहे हे टेस्टरने आणि रेग्युलेटर फिरवून, दोन्हींनी खात्री करा. मग शिडीवर चढून पातं हाताने हलकं ढकला. मोकळा पंखा बराच वेळ गिरक्या घेतो. अर्ध्या फेरीत थांबला, किंवा आतून खरखर आली, तर बेअरिंग. मोकळा फिरत असूनही चालू केल्यावर हळू फिरतो, किंवा नुसता गुणगुणतो आणि हाताने ढकलल्यावर सुरू होतो, तर कपॅसिटर. तुमच्या वर्णनावरून कपॅसिटर वाटतो.

तो बहुतेक पंख्यांत दांड्याच्या खालच्या किंवा वरच्या वाटीत असतो. वाटीचा स्क्रू सैल करून सरकवली की बोटभर लांब, गोल किंवा चौकोनी, पांढरा किंवा काळा डबा दिसतो, दोन वायरींचा. त्यावर २.५ मायक्रोफॅरड आणि ४४० व्होल्ट असं काही छापलेलं असेल. काही पंख्यांना ३.१५ असतो. जो आकडा असेल तोच आणायचा. "मोठा टाकला की पंखा जोरात फिरतो" असा सल्ला देणारे भेटतील. काही दिवस जोरात फिरतोही, मग वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, तापून जातं. कपॅसिटरच्या दोन वायरींना उलट-सुलट नसतं, कुठलीही कुठेही जोडा, पण फोटो काढूनच सोडवा, कारण शेजारी पंख्याच्या इतर वायरी असतात. हात लावण्याआधी इन्सुलेशन असलेल्या डिसमिसने त्याची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा. त्यात साठलेली वीज झटका देते. जीव जाणार नाही कदाचित, पण शिडीवर दचकणं पुरेसं आहे. मला एकदा तसा बसलाय. वीजेने काही झालं नाही, कंबरेने दोन आठवडे आठवण ठेवली.

वर चढलाच आहात तर आणखी एक बघा, हे कपॅसिटरपेक्षा महत्त्वाचं. दांडा जिथे हुकाला आणि खाली मोटरला बोल्टने जोडलाय, तिथे बोल्टच्या टोकात दुहेरी तारेची पिन घातलेली असते, स्प्लिट पिन म्हणतात. ती आहे का आणि तिची टोकं फाकवलेली आहेत का? रंगकाम करणारे पंखा उतरवतात आणि परत लावताना ती पिन खिशात घेऊन जातात. बोल्ट थरथरून हळूहळू सैल होतो. पिन पाच रुपयांची पण नसते.

कपॅसिटर बदलूनही फरक पडला नाही आणि मोटर तापून वास येत असेल, तर वाइंडिंग गेलं. इथे मात्र मी दुरुस्तीवाला असूनही वेगळं सांगतो. जुना साधा पंखा साधारण ७५ वॅट खातो, आताचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, ३० च्या आसपास. ४५ वॅटचा फरक. दिवसाला बारा तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तर १६२ युनिट. आठ रुपयांनी धरा, तेराशे रुपयांच्या आसपास होतात, दरवर्षी. म्हणजे जळालेला पंखा पैसे देऊन रिवाइंड करण्यात, म्हणजे नवी तार गुंडाळून घेण्यात, हशील नाही. साठ-सत्तर रुपयांच्या कपॅसिटरने चालणारा पंखा टाकू नये, आणि जळालेला पंखा भावनेपोटी जपू नये. बीएलडीसीत आतमध्ये सर्किट असतं, ते गेलं की घरी काही करता येत नाही, म्हणून बिल आणि वॉरंटीचा कागद जपून ठेवा.

कुकर. रिंग दोनदा बदलूनही वाफ कडेने जाते म्हणजे दोष रिंगेचा नाही, हे तुम्हीच सिद्ध केलंय. आधी हँडलचे स्क्रू बघा, झाकणाचा आणि भांड्याचा, दोन्ही. ते सैल असले की दोन्ही हँडलं एकावर एक नीट बसत नाहीत आणि झाकण केसभर तिरकं राहतं. डिसमिसने आवळा, जळून ठिसूळ झालेलं हँडल असेल तर नवं घ्या. मग कुकर उजेडात धरून त्याच्या काठावरून बोट फिरवा. खरवडे, छोटे खड्डे लागतायत? आमटी ढवळून डाव काठावर टकटक आपटायची सवय आपल्या घराघरांत आहे. आईची होती, बायकोची आहे, माझीही आहे. ॲल्युमिनियम मऊ असतं; रोज दोन टोले म्हणजे अकरा वर्षांत किती ते तुम्हीच मोजा. रिंग जिथे बसते तिथेच खड्डा पडला की नवी रिंग काय करणार? बारीक खरवडे असतील तर पॉलिश पेपरने सपाट करा, धुवा, पुन्हा लावून बघा. खोल खड्डा असेल तर तो कुकर आता साधं पातेलं म्हणून वापरायचा.

रिंग लिटर आणि मॉडेल बघून त्याच कंपनीची घ्या. पाच लिटरचे सगळे कुकर एका मापाचे नसतात, आणि दुकानदार "बसते, बसते" म्हणून जवळची देतो. तुमच्या दोन रिंगांपैकी एखादी तशीच असेल.

शिट्टीचं वेगळं बघायचं. शिट्टी काढून ती ज्या नळीवर बसते ती उजेडाकडे धरून आरपार बघा. प्रकाश दिसला पाहिजे. डाळीचा फेस वर येऊन तिथे सुकतो, तांदळाची पेज चिकटते. सुईने किंवा बारीक तारेने मोकळी करून वाहत्या पाण्याखाली धरा. ही नळी बंद असताना कुकर चुलीवर ठेवणं म्हणजे काय ते सांगायला नको. आणि इथेच बळीच्या बकऱ्याचं सगळ्यात मोठं काम आहे. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आतून लवकर वितळणाऱ्या धातूचा असतो. नळी तुंबली किंवा पाणी आटलं की तो वितळतो आणि वाफेला वाट देतो. तो गेला की नवा तर बसवाच, पण आधी पाणी का आटलं किंवा नळी का तुंबली ते शोधा. माझ्याकडे एक कुकर आला होता, "आवाज विचित्र करतो" म्हणून. सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी कोणीतरी नटबोल्ट आवळला होता, वर एमसील. मी तो कुकर परत दिला नाही, भांडण झालं तरी. एमसील बादलीला लावा, कुकरला नाही. व्हॉल्व्ह मूळ कंपनीचाच, बिल घेऊन. आणि कुकरचा तळ फुगलेला असेल, टेबलावर ठेवल्यावर डुगडुगत असेल, तर दुरुस्तीचा प्रश्नच नाही.

नळ सगळ्यात सोपा, म्हणून सुरुवात त्यानेच करा असं मी म्हणेन. त्यात वीज नाही. फक्त गच्चीवरच्या टाकीकडून येणारा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते आधी शोधा आणि तो खरंच बंद होतो का ते बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेले व्हॉल्व्ह अडकतात, आणि हे नळ उघडल्यावर कळून उपयोग नाही.

नळ अनेक फेरे फिरवून बंद होणारा जुन्या पद्धतीचा असेल तर वायसर. वरचा भाग पान्याने सोडवा, क्रोम खराब होऊ नये म्हणून पान्याखाली फडकं गुंडाळा. तळाशी रबराची चकती असेल, मधोमध खळगा पडलेली. नवी लावा, झालं. ज्या पितळी बैठकीवर ती टेकते तिथे बोट घालून बघा. खड्डे असतील तर नवा वायसरही महिन्याभरात कापला जाईल, मग नळ बदललेला बरा. पाव फेरीत बंद होणारा नळ असेल तर त्यात वायसर नसतो, आत सिरॅमिकच्या दोन चकत्यांचा स्पिंडल असतो. तो पूर्ण बाहेर काढून दुकानात न्या आणि तसाच मागा. बोअरचं पाणी असेल तर आधी त्यात क्षार अडकलेत का बघा, कधी नुसतं व्हिनेगरमध्ये ठेवून धुतल्यावर सुधारतो.

अख्खा नळ बदलावा लागला तर टेफ्लॉन टेप लागेल. नळाच्या आट्याचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची, ताणून, आठ-दहा फेरे. उलटी गुंडाळली तर बसवताना सुटून गोळा होते आणि लोक म्हणतात टेप खराब. हाताने घट्ट, मग पान्याने अर्धा-एक फेरा. त्यापुढे जोर नको. भिंतीतलं सीपीव्हीसीचं (प्लास्टिकच्या पाइपचं) फिटिंग तडकलं तर एका नळापायी टाइल फोडावी लागते. हे माझ्या स्वतःच्या घरात झालंय, दुसऱ्याच्या नाही, हे कबूल करतो. बायकोने अजून विसरू दिलेलं नाही.

हत्यारं जास्त नकोत. चपट्या आणि स्टार तोंडाचे दोन-दोन डिसमिस, पक्कड, कमी-जास्त होणारा एक पाना, टेस्टर, इन्सुलेशन टेप, आणि अडीचशे-तीनशेचा डिजिटल मीटर. मीटर कशाला? टेस्टर अर्धंच सांगतो. फेज (वीज आणणारी तार) आहे का ते कळतं, न्यूट्रल (परत नेणारी) तुटलीय हे कळत नाही, म्हणून टेस्टर लागतो तरी वस्तू चालत नाही असं होतं. मीटरवर 'पी' करणारं सेटिंग असतं. प्लग काढलेल्या इस्त्रीच्या वायरचं एक टोक आणि आतलं टोक त्यावर धरलं की वायर मानेपाशी तुटलीय का ते लगेच कळतं. इस्त्रीच्या दहा तक्रारींपैकी निम्म्या तिथेच संपतात.

वायरी जोडायची वेळ आली तर तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. जुन्या घरांत लाल, काळी, हिरवी. अर्थिंगची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब का असते? ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी म्हणून. तिसरी पिन कापून दोन पिनांच्या बोर्डात इस्त्री लावणारे लोक मी पाहिलेत. घरात आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा खटका) असेल, ३० मिलिअँपिअरचा, तर त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का ते बघा. नसेल तर मिक्सर दुरुस्त करून वाचलेले पैसे तिथे घाला.

आता कशाला हात लावायचा नाही ते. मायक्रोवेव्ह उघडायचा नाही, प्लग काढलेला असला तरी. आतल्या कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब साठलेला राहतो. गॅसचा रेग्युलेटर, गॅस गीझर, एसीचा गॅस, हे नाही. शेगडीच्या बर्नरची भोकं साफ करा, खुशाल. पण जेटच्या भोकात खिळा घालून ते मोठं करू नका. नळीतून गळती वाटली तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, काडी पेटवून नाही, आणि वास आला तर खिडक्या उघडून १९०६ वर फोन. फुगलेली मोबाइलची बॅटरी टोचायची नाही. विजेच्या गीझरची सर्व्हिस माणूस बोलावूनच करा. त्याच्याकडून मॅग्नेशियमचा रॉड मात्र बदलून घ्या आणि जुना दाखवायला सांगा. तोही बळीचा बकराच. टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो, आणि कोणी त्याची आठवण ठेवत नाही.

सुटा भाग मिळत नाही, "मॉडेल बंद झालं" असं सर्व्हिस सेंटर म्हणालं, तर एका वाक्यावर परत येऊ नका. त्यांच्याकडून ते लेखी मागा. निम्म्या वेळा भाग तिथेच सापडतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलंय, त्यावर कंपन्यांची सर्व्हिसची आणि सुट्या भागांची माहिती मिळते. तक्रारीसाठी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. वस्तू वॉरंटीत असेल तर मात्र स्वतः स्क्रू काढू नका, सील तुटलं की त्यांना कारणच मिळतं.

तुमच्या कामाचा क्रम असा ठेवा: शनिवारी सकाळी नळ, कारण चुकलं तर फार तर भिजाल. मग कुकर; नुसतं पाणी घालून शिट्टी होते का बघायचं, डाळ लावून नव्हे. रविवारी कोणीतरी शिडी धरायला असेल तेव्हा पंखा. मिक्सर सगळ्यात शेवटी. कप्लर दोन झटक्यांत सुटला नाही तर तिथेच थांबा आणि जवळच्या माणसाकडे न्या, त्याच्यासाठी ते पाच मिनिटांचं काम आहे. जाताना भांडी न्यायला विसरू नका, तिन्ही.